कपडेवालीचे अकरा चेहरे

चर्चच्या मागच्या खोलीत तिला सगळे कपडेवाली म्हणत. पाठीमागे नव्हे, तोंडावर; आणि ती ओ देई. बारा वर्षं ती त्या खोलीत पवित्र प्रतिमा रंगवायला येत होती, आणि बारा वर्षांत तिनं एकाही संताचं नाक रंगवलं नव्हतं. तिच्या वाट्याला झगे, अंगरखे, डोक्यावरून घेतलेली वस्त्रं, मागचे डोंगर आणि सोनं. चेहरे आणि हात थोरल्या बाईंचे. थोरल्या बाई म्हणजे ती खोली चालवणाऱ्या. वय एकोणऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

कपड्यांच्या बाबतीत मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. इथं येण्याआधी सव्वीस वर्षं तिनं गणवेश शिवायच्या कारखान्यात काढली होती. कापड कसं पडतं, कुठे ओढतं, कुठे फुगतं, हे तिला डोळे मिटून कळे. त्यामुळे सुरुवातीला तिचं आणि जुन्या नमुन्यांचं अजिबात जमेना. "हा झगा गुडघ्यावर असा कसा येईल? उभा काप आहे की तिरका?" असं ती विचारी. थोरल्या बाई म्हणत, "स्वर्गात शिंपी नाहीत. नमुन्यात आहे तसं काढ." ती तसं काढी, पण मनातून तिला ते कधी पटलं नाही. प्रेषितांच्या बाह्या बघितल्या की अजूनही तिला त्या उसवून परत लावाव्याशा वाटत.

कामाची रीत ठरलेली होती. लाकडी फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर सरस आणि खडूचा लेप द्यायचा, एकावर एक आठ-दहा थर, मग पॉलिश पेपरनं फळी गुळगुळीत करायची. सोन्याच्या जागी लाल माती लावायची, तिच्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि ओल आहे तोवर वर्ख ठेवायचा. रंग अंड्याच्या बलकात कालवायचे. आणि हे सगळं करताना प्रार्थना. आधी उभं राहून मोठ्यानं, नंतर कुंचल्याबरोबर मनातल्या मनात: प्रभू, दया कर. एक फटकारा, प्रभू, दया कर. दुसरा फटकारा, प्रभू, दया कर. थोरल्या बाईंचं म्हणणं असं की खरं काम ते, चित्र हा वरचा फायदा.

कपडेवालीनं बारा वर्षं प्रभूला दया करायला सांगितलं. पण खरं सांगायचं तर, त्यातली शेवटची आठ वर्षं तिसऱ्या-चौथ्या फटकाऱ्याला तिचं मन खोलीतून निसटे आणि सरळ धाकट्या भावाच्या दारात जाऊन उभं राही. तिथं ते त्याच्याशी कडाकडा भांडे. संध्याकाळी झगा सुंदर झालेला असे आणि तिचं डोकं दुखत असे.

भांडण काही जगावेगळं नव्हतं. आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. हिनं कारखाना सोडला. आईला न्हाऊ घालणं, कूस बदलणं, भरवणं, रात्रीतून तीनदा उठणं, सगळं हिनं केलं. लग्न आधीच राहून गेलं होतं, त्यामुळे हिला घरात धरून ठेवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. धाकटा भाऊ पंखे दुरुस्त करायचा. तो रविवारी येई, येताना संत्री आणी, आईच्या उशाशी तीन तास बसे. आणि आठवडाभर आई शेजारणीला सांगे, "माझा मुलगा येतो हो दर रविवारी, न चुकता." जिच्या हातचं रोज खात होती तिचं नाव नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

ते रविवारचे तीन तास हिचे. त्याच तीन तासांत ती पहिल्यांदा या खोलीत आली आणि इथलीच झाली. असाच एक रविवार होता. पवित्र मरियेच्या निळ्या वस्त्रावर शेवटचा उजळ रंग द्यायचा होता, तो अर्धवट टाकला असता तर डाग पडला असता, म्हणून ती चाळीस मिनिटं जास्त थांबली. घरी पोचली तेव्हा दार सताड उघडं आणि भाऊ उंबरठ्यात उभा. तिला बघून तो म्हणाला, "आत्ता आलीस?"

आई जाऊन वीस मिनिटं झाली होती.

बस, दोन शब्द. चार वर्षं जिनं केलं तिला, रविवारी संत्री सोलणाऱ्यानं विचारलेले दोन शब्द. दफनाच्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही. नंतर महिन्याच्या प्रार्थनेला बोलली नाही. मग न बोलण्याचीच सवय लागली, आणि आठ वर्षं गेली.

आता खोलीचा एक नियम होता, आणि कपडेवालीचं सगळं घोडं त्याच नियमापाशी अडलं होतं. चेहऱ्याला हात लावण्याआधी, ज्याच्याशी आपलं वाकडं आहे त्याच्यापुढे जाऊन माफी मागायची. शब्दही ठरलेले: 'माझ्याकडून कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल, तर मला माफ कर.' समोरच्यानं म्हणायचं, 'देवानं केलं, मीही केलं.' कपड्यांना हा नियम नव्हता. डोंगरांना नव्हता. म्हणून भांडणानंतरही ती खुशाल डोंगर काढत राहिली.

त्या वर्षी थोरल्या बाईंचा हात कापायला लागला. आधी चहाचा कप, मग कुंचला. एका संताच्या पापणीचा झाला फराटा, तो त्यांनी ब्लेडनं खरवडून काढला, कुंचला धुऊन ठेवला आणि त्यानंतर उचललाच नाही. भिंतीशी अकरा फळ्या उभ्या होत्या. झगे झालेले, सोनं घोटून चकचकीत केलेलं, आणि चेहऱ्याच्या जागी खडूचा पांढरा कोरा डाग. फादर एकदा आत डोकावले आणि म्हणाले, "यांच्यासमोर उभं राहिलं की मलाच पापकबुली द्यावीशी वाटते." अकराच्या अकरा प्रतिमांचा शब्द थोरल्या बाईंनी कुणाकुणाला दिलेला होता. त्यातली मरियेची एक वृद्धाश्रमाच्या प्रार्थनेच्या खोलीसाठी होती. तिथली व्यवस्थापिका दर सोमवारी फोन करी आणि म्हणे, "बाई, आमच्या दोन आज्या वाट बघता बघता गेल्या हो."

"आता चेहरे तू करायचे," थोरल्या बाई एका सकाळी म्हणाल्या.

"मी कपडेवाली."

"माणसं आहेत म्हणून कपडे. कपड्यांसाठी माणसं नसतात."

"मला येत नाहीत चेहरे."

"येतात. वहीत चोरून काढतेस, मी बघितलंय. तुझं अडतंय कुठे ते मला ठाऊक आहे. जा आणि माफी मागून ये."

कपडेवालीनं हातातला शिंपला ठेवला. रंग ते लोक शिंपल्यात कालवत. "मी मागू? मी? अहो बाई, चार वर्षं मी केलं. नोकरी मी सोडली. बोलला तो. त्यानं यायला हवं माझ्या दारात!"

"त्याला कुठे चेहरे रंगवायचेत? तुला रंगवायचेत. ज्याला रंगवायचेत त्यानं मागायची."

चोर सोडून संन्याशाला फाशी! दोन आठवडे ती धुमसत राहिली. घरी इस्त्री करताना, बाजारात रांगेत, चर्चच्या पायऱ्या चढताना, ती मनात एकच खटला चालवी आणि प्रत्येक वेळी जिंके. मग सोमवार आला. वृद्धाश्रमाचा फोन तिनंच उचलला. "तिसऱ्या आजींनी विचारलंय," व्यवस्थापिका म्हणाली, "मरिया आई येणार आहे की नाही ते सांगा, म्हणजे त्या तसं ठरवतील." काय ठरवतील ते कपडेवालीनं विचारलं नाही. एक वाक्य तर म्हणायचंय, त्यात काय एवढं, असं स्वतःला सांगून ती दुपारी निघाली.

भावाचं दुकान अरुंद होतं. एका भिंतीला पंख्यांची पाती रचलेली, दुसरीला उघड्या पडलेल्या मोटारी, आणि मध्ये तो स्टुलावर बसून हातानं फिरवायच्या यंत्रावर तांब्याची तार गुंडाळत होता. त्याचे सगळे केस पांढरे झाले होते. आठ वर्षांत होणारच. पण मनातल्या खटल्यात तो काळ्या केसांचाच होता, त्यामुळे तिला क्षणभर चुकीच्या दुकानात आल्यासारखं वाटलं.

त्यानं मान वर केली. तिला बघितलं. हात थोडा संथ झाला, पण थांबला नाही. "दोनशे अकरा, दोनशे बारा," तो पुटपुटत होता, आणि दुसऱ्या हाताचं बोट वर करून त्यानं तिला थांबायची खूण केली.

आठ वर्षांनी सख्खी बहीण दारात आली आणि हा म्हणतो थांब! दोनशे तीसपर्यंत तिनं धीर धरला. दोनशे चाळीसला तो संपला. "माझ्याकडून कळत-नकळत तुझं मन दुखावलं असेल तर मला माफ कर," तिनं एका दमात सगळं ओकून टाकलं.

यंत्र थांबलं. वेढ्यांची मोजणी गेली ती गेलीच. भावाचा चेहरा उतरला.

"मला लाजवायला आलीस? तुला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"काय सांगितलं?"

"मला वाटलंच होतं. एक ना एक दिवस तुला कळणार." तो स्टुलावरून उठला आणि परत बसला. "शेजारणीनं ऐकलं होतं ना? ती तेव्हा खिडकीतच होती."

"अरे, काय कळणार? मी नुसती माफी मागायला आलेय. ते नियमाचं वाक्य आहे!"

पण तो कुठला ऐकतोय. आठ वर्षं दाबून ठेवलेलं झाकण उडालं होतं. एवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं. "झाला का माझा पंखा?"

"उद्या या."

"कालही उद्याच म्हणालात."

"मग परवा या!" भाऊ ओरडला. ते गिऱ्हाईक बिचारं काढता पाय घेऊन गेलं.

"त्या रविवारी आईनं डोळे उघडले," भाऊ सांगू लागला, "आणि विचारलं, ताई कुठे आहे? दर रविवारी हेच. मी संत्री सोलून द्यायचो आणि ती दाराकडे बघत विचारायची, ताई कुठे गेली, ताई कधी येणार. तीन तास तेच, चार वर्षं तेच. एकदा तरी म्हणाली असती, तू आलास, बरं वाटलं. एकदाही नाही. त्या दिवशी मी म्हणालो..."

"काय म्हणालास?"

"म्हणालो, ताई गेली. कंटाळली ती तुझं करून करून. आता नाही येणार."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. तिचा आवाज पार कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

"मग?" तिनं विचारलं.

"मग काही नाही. 'बरं,' म्हणाली. आणि भिंतीकडे वळली." त्यानं तारेचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "मला वाटलं, तू येशीलच दहा मिनिटांत. मग सांगीन, गंमत केली गं आई, ही बघ आली. तू येईनास. मी दारात जाऊन उभा राहिलो, रस्ता बघत बसलो. आत येऊन बघतो तर... परत दारात आलो. तेवढ्यात तू आलीस."

म्हणजे ते दोन शब्द टोमणा नव्हतेच. आठ वर्षं ती जे उशाशी घेऊन झोपली ते खोटं निघालं, आणि त्याच्या जागी जे आलं ते आगीतून फुफाट्यात टाकणारं होतं. आई तिला हाक मारत होती. दर रविवारी. आणि आई गेली ती, मुलगी कंटाळून निघून गेली, असं समजून गेली.

"ताई," भाऊ म्हणाला, "तू कसली माफी मागतेस? तू मला माफ कर."

ती पिशवी उचलून बाहेर पडली. जाताना पात्यांच्या ढिगाला तिची पिशवी लागली आणि सगळी पाती खणखणत खाली आली. ती उचलायला ती वळली नाही.

खोलीवर आली तेव्हा थोरल्या बाई खिडकीपाशी खडूची पूड चाळत बसल्या होत्या. हात कापत असला की चाळणी आपोआप हलते, असं त्या म्हणत. "मागितलीस?"

"मागितली."

"मग तोंड असं का?"

तिनं सगळं सांगितलं. आधी रडत, मग ओरडत. थोरल्या बाईंनी ना डोळे पुसले, ना पाठीवर हात ठेवला. "तो मागत होता तेव्हा तू काय म्हणालीस?" एवढंच विचारलं.

"काही नाही. निघून आले."

"म्हणजे त्याचं मागणं आता तुझ्याकडे पडून आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय चेहऱ्याला हात लावायचा नाही."

कपडेवालीचा बांध फुटला. "हा कुठला न्याय! मागितली नव्हती तेव्हा हात लावायचा नाही. मागितली तरी हात लावायचा नाही! सगळ्या जगानं माझ्या डोक्यावर मिरे वाटायचे आणि मी वर प्रार्थना करायची! तुमच्या देवाला विचारा एकदा, त्याला हे चेहरे हवेत की नकोत!"

"तूच विचार की," थोरल्या बाई म्हणाल्या. "बारा वर्षांत आज पहिल्यांदा त्याच्याशी बोललीस. इतके दिवस भावाशीच बोलत होतीस." आणि त्या परत चाळायला लागल्या.

कपडेवालीनं नाक पुसलं आणि ती म्हणाली, "मला नाही जमणार माफ करायला."

"मग तसं सांग त्याला. उत्तर म्हणजे 'हो'च असं मी कधी म्हटलं? पण तोंडानं सांग. आणि त्याला परत विचारू दे."

"आणि फळ्या?"

"पहिला काळपट थर दे तोवर. उजेड नको चढवूस."

प्रतिमेच्या चेहऱ्याची रीतच अशी की आधी सगळा चेहरा मातकट हिरव्या, जवळजवळ काळ्या रंगानं भरायचा, आणि मग त्यावर उजळ रंगाचे थर एकेक करून चढवत न्यायचे. डोळ्यांतला उजेड सगळ्यात शेवटी. कपडेवालीनं खोलीतल्या फोनवरून भावाच्या दुकानाला फोन लावला. "ऐक. आज नाही. उद्या विचार."

पलीकडून भाऊ म्हणाला, "उद्या किती वाजता?"

दुरुस्तीवाल्यासारखाच प्रश्न. तिला हसू यायला हवं होतं, पण रागच आला. "दहाला. दहाला मी रंग कालवते. याच नंबरवर कर."

आणि तो करू लागला. रोज सकाळी दहाला फोन वाजे. "ताई, माफ करतेस?"

"आज नाही."

"बरं."

चौथ्या दिवशी ती किंचाळली, "बरं म्हणू नकोस!"

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. ठेव."

त्यानंतर तो काही म्हणत नसे, नुसता फोन ठेवी. कधी तीच थांबवून विचारी, त्या गिऱ्हाइकाचा पंखा झाला का. झाला, पहिल्यापासून गुंडाळला, असं तो सांगे. एवढंच बोलणं. मग ती फळीपुढे बसे. प्रार्थनेचं तर पार खोबरं झालं होतं. 'प्रभू, दया कर' म्हटलं की पुढचं आपोआप बाहेर पडे: कुणावर करायची ते तूच बघ, मला विचारू नकोस. ती आजारी बाई वाट बघत होती, तुला तिला चाळीस मिनिटं थांबवता आलं नाही? निळा रंग महत्त्वाचा होता का? तुझ्याच आईचा झगा रंगवत होते ना मी? असं ती रोज बोले, कुंचला चालवत, ओठ हलवत. देवाकडून उत्तर काही नाही. खोलीत चाळणीचा आवाज तेवढा.

एकोणिसाव्या दिवशी अकराही चेहरे काळे झाले. कोरे होते ते बरे, असं वाटायची पाळी आली. वृद्धाश्रमाची व्यवस्थापिका स्वतः बघायला आली आणि दारातच थबकली. "हे असंच राहणार आहे? आमच्या आज्या घाबरतील हो." तिसऱ्या आजींनी आता अंथरूण धरलं होतं, तेही ती सांगून गेली. कपडेवाली रोज सकाळी अंडं फोडून बलक या हातातून त्या हातात घेई, पांढरं निथळून टाकी, चिमटीत धरून टोचे आणि पहिला उजळ रंग कालवून ठेवी. रोज तो दुपारपर्यंत शिंपल्यात तडकून जाई. स्वतःचाच तिला संताप येई. एक शब्द तर म्हणायचा आहे, लोक रस्त्यात धक्का लागला तरी म्हणतात. पण तो घशाशी आला की तिला भिंतीकडे वळलेली आई दिसे, आणि तो शब्द परत खाली जाई. खोटं म्हणून चालणार नव्हतं. थोरल्या बाई ऐकत होत्या म्हणून नव्हे. समोर अकरा जण बसले होते म्हणून.

तेविसाव्या दिवशी दहा वाजले आणि फोन वाजला नाही.

सव्वादहा झाले. साडेदहा. तिनं रंग कालवला. फोन उचलून कानाला लावून बघितला, चालू होता. अकराला तिनं टेबल पुसलं. साडेअकराला पुसलेलं टेबल परत पुसलं. मी काही करणार नाही हं फोन, तिनं स्वतःला बजावलं. गरज त्याला आहे.

"फोन नाही आला का गं अजून?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"नाही."

बारा वाजले. थोरल्या बाई दाराजवळ खुर्ची घेऊन बसल्या होत्या, फोनकडे तोंड करून. या बावीस दिवसांत त्यांनाही त्या फोनची सवय लागली होती. "कधी येणार त्याचा फोन?" त्यांनी परत विचारलं. साडेबाराला तिसऱ्यांदा विचारलं, "काय झालं असेल गं त्याला?"

"काय व्हायचंय!" कपडेवाली फाडकन म्हणाली. "कंटाळला तो. बावीस दिवसांत विटला. आता नाही यायचा त्याचा फोन, वाट बघू नका."

"बरं," थोरल्या बाई म्हणाल्या, आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसल्या.

कपडेवाली जागच्या जागी उभी राहिली. हातातलं फडकं तिनं घट्ट धरलं. कुणाचं वाईट करावं असं तिच्या मनात अजिबात नव्हतं. ती फक्त वाट बघून थकली होती, आणि एक म्हातारी परत परत दुसऱ्याच कुणाबद्दल विचारत होती. किती सहज तोंडातून गेलं ते! वजनच नव्हतं त्याला. आणि गेल्यावर परत ओढून घ्यावंसं किती वाटलं, हेही तिला त्याच क्षणी कळलं.

"बाई," ती घाईघाईनं खुर्चीपाशी गेली. थोरल्या बाईंचा खांदा धरून तिनं त्यांना स्वतःकडे वळवलं. "बाई, नाही. मी उगाच बोलले. तो तसं काही म्हणाला नव्हता, मीच तुम्हाला सांगितलं. येईल तो. येणारच आहे. मी रागात बोलले, ऐकताय ना?"

"ऐकतेय की," थोरल्या बाई जराशा दचकून म्हणाल्या. "बहिरी आहे का मी? खांदा सोड, दुखतोय."

ती फोनकडे गेली आणि भावाच्या खिशातल्या फोनचा नंबर तिनं पहिल्यांदाच फिरवला. तो तिला पाठ होता, हे तिला तेव्हाच कळलं. खूप वेळ वाजल्यावर तो उचलला गेला. मागे पोरांचा कल्लोळ चालला होता.

"ताई! अगं, शाळेत आहे. सोळा पंखे बसवायचेत, सकाळपासून शिडीवर आहे, फोन खाली पिशवीत राहिला. आत्ताच उतरलो. मी करणारच होतो, देवाशपथ..."

"विचार."

"आत्ता? इथं हेडमास्तर उभे आहेत."

"असू देत. विचार म्हणते ना."

त्यानं घसा खाकरला. "ताई, माफ करतेस?"

"देवाचं देव बघेल," ती म्हणाली. "मी केलं."

पलीकडे पोरं ओरडत होती. अगदी बारीक आवाजात भावानं विचारलं, "खरंच?"

"केलं म्हटलं ना! आता किती वेळा वदवून घेणार आहेस?"

तो रडत होता की धापा टाकत होता, ते त्या गोंगाटात तिला नीट कळलं नाही. तिचा राग गेला नव्हता. आई अजून भिंतीकडेच तोंड करून होती आणि ती कायमची तशीच राहणार होती, ते कुणाच्या माफीनं बदलणार नव्हतं. पण त्या अंथरुणाशेजारी बसून तो शब्द बोलणारा माणूस आता तिला दिसत होता. तो थकलेला होता, आणि हातात संत्र्याची साल घेऊन बसला होता.

"उद्या दहाला करू का फोन?" भावानं विचारलं.

"आता कशाला?" ती म्हणाली. मग म्हणाली, "कर."

तिनं फोन ठेवला आणि वृद्धाश्रमाची फळी भिंतीपासून उचलून टेबलावर आडवी ठेवली. थोरल्या बाईंनी काही न विचारता आपली खुर्ची सरकवून तिच्याशेजारी आणली. सकाळचा रंग शिंपल्यात वाळून गेला होता. कपडेवालीनं शिंपला धुतला आणि नवं अंडं फोडलं.